दुसऱ्याचं कुलूप

चावीवाल्याचं दुकान म्हणजे बाजारातल्या जुन्या इमारतीच्या जिन्याखालचा कोनाडा. आत शिरायचं ते मान वाकवून आणि बसायचंही मान वाकवूनच. समोर लाकडी फळी, फळीवर कानशींचा डबा आणि मागच्या भिंतीला खिळ्यांवर लटकवलेले कोऱ्या चाव्यांचे झुबके. जिन्यावरून कुणी धाडधाड उतरलं की ते झुबके किणकिणायचे. हा कोनाडा त्याला सासऱ्यांकडून मिळाला होता. सासऱ्यांना बाजार मिस्त्री म्हणायचा. त्यांना मुलगा नव्हता, एकच मुलगी होती, म्हणून जावयाला त्यांनी हाताशी धरलं.

मिस्त्रींनी त्याला आधी नुसती कानस चालवायला लावली. चावीशिवाय कुलूप सोडवणारी तार हातात दिली ती फार उशिरा, आणि देताना एकच गोष्ट बजावली. कुलूप उघडायचं ते मालक समोर उभा असताना. मालक नसेल तर त्याचा शब्द पाहिजे. तोही नसेल तर आपलं काम तिथे संपलं. एकदा एक गृहस्थ बायकोच्या कपाटाची चावी करून मागायला आले होते. मिस्त्रींनी त्यांना विचारलं, कपाट कुणाचं? गृहस्थ म्हणाले, घर माझं आहे. मिस्त्री म्हणाले, घराची चावी हरवली असेल तर करून देतो, कपाटासाठी बाईंना घेऊन या. गृहस्थ शिव्या घालत निघून गेले. जावई हसू दाबत बसला होता, पण ते त्याच्या मनात कायमचं रुतलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या देऊ नयेत म्हणतात. मिस्त्री म्हणायचे, आपल्या हाती सगळ्या गावाच्या चाव्या आहेत, तेव्हा चोर व्हायचं की नाही हे आपलं आपल्यालाच रोज ठरवावं लागतं.

मिस्त्री गेले, कोनाडा चालत राहिला. चावीवाल्याचा हात चांगला होता. म्हणून आतून प्रतिसाद येत नसलेली दारं उघडायला पोलीस त्याला बोलवायला लागले. बहुतेक वेळा आत कुणी झोपेच्या गुंगीत असायचं, कुणी न्हाणीघरात पडलेलं असायचं. एकदा मात्र एका एकट्या राहणाऱ्या निवृत्त कारकुनाचं दार होतं. खिटी मागे सरली, दार जेमतेम बोटभर उघडलं आणि मागचे सगळे नाकाला रुमाल लावून जिन्याकडे पळाले. दारात तो एकटाच उरला, हातात तार धरून. या माणसाला त्याने कधीतरी चावी करून दिली होती. प्रेत न्यायला आणलेल्या हातगाडीवाल्याने त्याची अवस्था पाहिली आणि खिशातली छोटी बाटली पुढे केली. एक घोट घ्या, वास जातो, म्हणाला.

वास गेला. पण नंतर तो दाराशिवायही यायला लागला. जेवताना यायचा, कानस घासताना यायचा, कधी स्वतःच्या घराचं दार उघडतानाच यायचा. घोटाचे दोन घोट झाले, मग पेला झाला, मग सकाळी दुकान उघडण्याआधीच लागायला लागली. दारू अशीच येते. पाहुणी म्हणून येते, उंबऱ्यात बसते आणि बघता बघता घरच्यांना बाहेर काढते.

बायकोपासून लपवायला त्याने काय नाही केलं. बाटली कधी पाण्याच्या टाकीमागे, कधी कोऱ्या चाव्यांच्या खोक्यात. बायको मिस्त्रींची मुलगी. लपवलेली वस्तू शोधायला तिला वेळ लागायचा नाही. ती बाटली रिकामी करून ओट्यावर ठेवायची. मग तो शपथा घ्यायचा. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून इतक्या वेळा शपथ घेतली, की पुढे पुढे बाप हात उचलायला लागला की मुलगी डोकं मागे घ्यायची. शिक्षण झालं तशी ती नोकरी शोधून दूरच्या शहरात गेली. तिथेच तिने लग्न जमवलं. लग्नाला आईला बोलावलं, बापाला नुसतं कळवलं.

हात थरथरायला लागला होता. कानस एकीकडे जायची, हात दुसरीकडे. केलेल्या चाव्या परत यायला लागल्या, गिऱ्हाईक तुटायला लागलं. तरी पिऊन बसला की तो एक वाक्य हमखास बोलायचा. तो त्याचा शेवटचा टेकू होता. म्हणायचा, मी पितो, खोटं बोलतो, सगळं खरं. पण दुसऱ्याच्या कुलपाला कधी हात लावला नाही.

एकदा बायको भांडी घासता घासता म्हणाली, "तेवढं एक राहिलंय. तेवढं तरी सांभाळा."

खालच्या मजल्यावर एक मास्तर राहत. एकटेच, पुस्तकांत रमलेले. अधूनमधून गावी जायचे तेव्हा घराची किल्ली चावीवाल्याच्या बायकोकडे देऊन जायचे. ती खाली जाऊन झाडांना पाणी घालायची, धूळ झटकायची. मास्तर दारूला शिवत नसत. पण परदेशी नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने एक उंची बाटली आणली होती आणि ती काचेच्या कपाटात शोभेला ठेवलेली होती. मास्तरांनी ती चावीवाल्याला एकदा दाखवलीही होती. बापाला काय आवडतं हे पोराला अजून कळलेलं नाही, असं म्हणून हसले होते. चावीवालाही हसला होता. पण बाटलीचं बूच लाकडी आहे हे त्याने त्याच वेळी पाहून ठेवलं होतं.

त्या सुमारास शहरात कसलासा बंद झाला. दुकानांची शटर खाली, रस्ते ओस. घरातली संपली होती आणि ओळखीच्या ठिकाणीही मिळेना. दुपार होईपर्यंत त्याच्या अंगाला घाम सुटला. बायको आजारी मावशीला बघायला पायी गेली होती. मास्तर गावी गेले होते, पण त्यांची किल्ली चुलीशेजारच्या खिळ्याला नव्हती. जाताना ती पिशवीत टाकून घेऊन गेली होती.

तो जिना उतरून खाली आला. वाटेत स्वतःलाच सांगत होता की नुसता फेरफटका मारतोय. मास्तरांच्या दाराशी थांबला. खिशात तार होती. तार खिशात कधी घातली ते त्याला आठवेना.

पुढे आयुष्यभर त्याला छळत राहिलं ते हे, की त्या वेळी हात थरथरला नाही. कित्येक महिने सरळ कानस धरता न येणारा तो हात त्या कुलपात असा फिरला जणू मिस्त्रीच मागे उभं राहून मनगट धरून आहेत. कुलूप सुटलं. त्याने बाटली घेतली, दार ओढून घेतलं, कुलूप पुन्हा नीट लावलं. वर येऊन प्यायला. रिकामी बाटली संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या कचऱ्यात टाकून आला.

मास्तर परत आले. दुसऱ्या दिवशी ते वर आले तेव्हा चावीवाला आतल्या खोलीत पडला होता. दार अर्धं उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. मास्तर आधी झाडांबद्दल बोलले, मग थोडे घुटमळले. कपाटातली बाटली दिसत नाही, म्हणाले. फार काही नाही, मुलगा विचारेल म्हणून.

आतल्या माणसाने पांघरूण तोंडावर ओढलं. मग बायको म्हणाली, "माझ्या हातून फुटली ती, पुसताना. सांगायचं राहून गेलं."

मास्तर बरं म्हणाले. फरशीवर डाग नव्हता, काचेचा कण नव्हता, घरात वास नव्हता आणि मास्तर काही दूधखुळे नव्हते. त्यांनी सौम्य आवाजात किल्ली परत मागितली. आता मी घरीच असणार आहे, तुम्हाला उगाच त्रास कशाला, असं काहीसं म्हणाले. तिने किल्ली दिली. जन्मात कधी खोटं न बोललेली ती बाई एका वाक्यात खोटारडी ठरली आणि दार लावून ओट्याशी जाऊन उभी राहिली.

नंतर ती आत आली. कॉटच्या कडेला बसली नाही, उभीच राहिली.

"मी खाली जाऊन कुलूप बघितलं," ती म्हणाली. "एकच ओरखडा आहे, केसासारखा. आमच्या बाबांनी शिकवलेला हात आहे तो."

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती गेली आणि कणीक मळायला लागली.

सकाळी त्याने पेल्यात थोडी ओतली होती, तेवढ्याशिवाय खाली जाणं जमणार नाही असं वाटलं होतं. पण पेला तसाच ठेवून तो खाली गेला. मास्तरांनी दार उघडलं. तो खुर्चीवर बसला, हात मांडीखाली दाबून धरले आणि सांगितलं. कुलूप मी उघडलं, बाटली मी घेतली, तिने काही फोडलेलं नाही. बायको खोटं बोलली ती माझ्यापायी, तिला तसं समजू नका.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाटलीचं मला काही वाटत नाही हो. पण इतकी वर्षं तुम्ही वर राहता म्हणून मी निर्धास्त होतो. ते गेलं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हे मी इमारतीत सांगू की नको? सांगितलं तर तुमचा धंदा बसेल. नाही सांगितलं आणि उद्या दुसऱ्या कुणाचं दार उघडलं गेलं, तर ते माझ्या माथी."

चावीवाला म्हणाला, "सांगा."

मास्तरांनी सांगितलं. मीठमसाला न लावता, जेवढं घडलं तेवढंच. पण अशा गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. इमारतीतून ती बाजारात आली. कुंपणच शेत खायला लागलं तर काय, असं लोक त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलायला लागले. काहींनी त्याने बसवलेली कुलपं बदलून घेतली. चावीवाल्याने फळी उचलली, झुबके उतरवले आणि तारांची पुरचुंडी बायकोच्या हातात दिली. तिने ती आपल्या पेटीत ठेवली.

त्यानंतर तो सरकारी दवाखान्यात दाखल झाला. एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, असं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तिथले पहिले दिवस कसे गेले ते त्याला धड आठवत नाही. भिंतीवरून चाव्या ओघळताना दिसायच्या, त्या वेचायला तो खाटेवरून उतरू पाहायचा, आणि दोन आया त्याला धरून ठेवायच्या. शेजारच्या खाटेवर एक ट्रकवाला होता. दिलदार गडी, स्वतःच्या उलटीवरही विनोद करायचा. डॉक्टरीणबाई प्रत्येकाला विचारायच्या, दारू कशासाठी सोडायची आहे? ट्रकवाल्याने छातीवर हात मारून सांगितलं, पोरांसाठी.

चावीवाल्याची पाळी आली तेव्हा त्याच्या तोंडून मुलीचं नाव निघेना. त्या नावाच्या शपथांचा त्याने चघळून चोथा केला होता. मग त्याने कुलपाची गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाईंनी मध्ये तोंड घातलं नाही, सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही दारूची शपथ घेऊ नका," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या शपथेची किंमत तुम्हालाच माहीत आहे. खाली जाऊन खरं बोललात, ते मात्र कुणी करायला लावलं नव्हतं. ते पुन्हा जमतंय का बघा."

एवढंच. त्याला ते तेव्हा फारसं कळलं नाही. औषधाच्या गोळ्या घेऊन तो घरी आला.

घरी सगळं होतं तिथेच होतं, फक्त बायको मुलीच्या खोलीत झोपायला लागली होती आणि आतून कडी लावायची. स्वयंपाक करायची, त्याचे कपडे धुवायची, गोळी घेतली का विचारायची. एखाद्या आजारी भाडेकरूचं करावं तसं. तो लाकूडकामाच्या एका कारखान्यात गेला. तिथे कपाटांना बिजागऱ्या आणि मुठी बसवायचं काम होतं. मालकाने आधी काय करत होता विचारलं. सुतारकाम म्हणून वेळ मारून नेता आली असती. त्याने खरं ते सांगितलं. मालकाने जरा विचार केला आणि कामावर घेतलं, पण कुलपं दुसरा बसवेल, म्हणाला. दिवसभर त्याने बिजागरी बसवलेलं कपाट सरकत शेजारच्या माणसाकडे जायचं आणि तो त्यात कुलूप बसवायचा. वाकडं बसवायचा. चावीवाला बघायचा आणि पुढचं कपाट ओढायचा.

एक दिवस दवाखान्यात गोळ्या आणायला गेला असताना कळलं, की ट्रकवाला गेला. घरी गेल्यावर महिनाभरही टिकला नव्हता. ती पोरं कुठे असतील, असा विचार करत तो चालत राहिला, आणि पाय आपोआप गुत्त्यात शिरले. प्यायला. चांगली पोटभर प्यायला. निघाल्यावर सवयीने खिशातली बडीशेप तोंडात टाकली, तोंड पुसलं, कारखान्यात उशीर झाला असं सांगायचं मनाशी जुळवलं. जिना चढता चढता मात्र मास्तरांचं दार लागलं. नवं कुलूप होतं, पितळी. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला.

बायकोने दार उघडलं. ती काही विचारायच्या आत तो म्हणाला, "आज प्यालोय."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, बाजूला झाली, ताट वाढलं. समोर बसली नाही, पण स्वयंपाकघरातून गेलीही नाही. दुसऱ्या दिवशी तो प्यायला नाही. निर्धार वगैरे काही नव्हता. पुन्हा तिच्यासमोर उभं राहून तेच वाक्य म्हणायची छाती नव्हती, आणि ते न म्हणता घरात शिरायची वाट त्याने स्वतःच बंद केली होती. मधल्या काळात आणखी एकदा तसं झालं. तेव्हाही त्याने दारातच सांगितलं. पुढे सांगायची वेळ आली नाही.

लोकांना वाटतं, दारू सुटली की सगळं रुळावर येतं. गेलेलं पाणी कुठे परत येतं? मुलीला दिवस गेले आणि तिने आईला बोलावून घेतलं. त्याच्याबद्दल फोनवर अवाक्षर काढलं नाही. निघायच्या दिवशी बायकोने खोलीला कुलूप घातलं, ओढून बघितलं, आणि तो बॅग घेऊन मागे उभा आहे हे लक्षात आल्यावर जराशी ओशाळली.

"तुमच्यावर म्हणून नाही," ती म्हणाली. "सवय लागलीय."

बाळंतपण झालं, नातू झाला, बाळ रांगायला लागलं, तरी बायको परत आली नाही. आज येईन, उद्या येईन, करत राहिली. मग तेही म्हणेनाशी झाली.

एका रविवारी वरच्या मजल्यावरचा नळाचा पाइप फुटला. बंद खोलीच्या दाराखालून पाण्याचा ओघळ बाहेर आला तेव्हा चावीवाला चहा करत होता. वरची बाई धावत खाली आली, आणखी दोघं आले. आत पाणी साचत असणार, उघडा लवकर, सगळे म्हणायला लागले. बायकोला विचारायला त्याने मुलीला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. वरच्या बाईला हसावं की रडावं कळेना. अहो, तुम्हीच ना चावीवाले, ती म्हणाली, आणि घर तुमचंच ना? तो म्हणाला, खोली बायकोची आहे. मग गुडघे टेकून दाराच्या फटीत फडकी कोंबत बसला. पाणी बादलीत पिळायचं, पुन्हा फडकं लावायचं. वरचा नळ कुणीतरी बंद केला, तरी आत छतातून ठिबकतंय ते ऐकू येत होतं. ती दोन माणसं कपाळाला हात लावून निघून गेली.

कितीतरी वेळाने फोन वाजला. बायको होती. त्याने सगळं सांगितलं आणि विचारलं, "उघडू का?"

मग ती म्हणाली, "एवढा वेळ थांबलात? गादी भिजली असेल सगळी. कपडे होते खाली." तिचा आवाज चिरकला. "वेड्यासारखं काय करता. उघडा ना."

तारा तिच्या पेटीत आतच होत्या. त्याने तिच्या केसांची एक जुनी पिन शोधली आणि उघडलं. हात थरथरत होता, दोनदा पिन निसटली. आत गादी खरंच भिजली होती. पेटीत पाणी शिरलं होतं, मुलीच्या लहानपणीचे फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. त्याने ते एकेक करून सोडवायचा प्रयत्न केला. बहुतेक चेहरे कागदावरून सोलून निघाले.

त्या आठवड्यात ती आली. चार दिवस राहिली. गादी वाळवली, कपडे वाळवले, फोटो उन्हात पसरले. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून जेवले. एकदा तर तिने आपणहून विषय काढला. लोक हसतात म्हणाली, खोली बुडवली पण कुलूप नाही उघडलं म्हणून. मग थोडं थांबून म्हणाली, बाबांना आवडलं असतं. त्याला वाटलं, आता राहील. पण जे वाळलं ते तिने बॅगेत भरलं. बाळ तिच्याशिवाय झोपत नाही, आणि मुलीची नोकरी आहे. ती खोटं बोलत नव्हती हे त्याला माहीत होतं, आणि सगळं सांगत नव्हती हेही. जाताना तिने खोली उघडीच ठेवली. आत ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता तो कारखान्यातून लांबच्या रस्त्याने घरी येतो, कारण जवळच्या रस्त्यावर गुत्ता आहे. लांबचा रस्ता कंटाळवाणा आहे, नुसत्या गोदामांच्या भिंती. घरी आल्यावर दोन्ही खोल्यांतले दिवे लावतो. तहान अजून लागते. दिवेलागणीला तर अशी लागते, की तो ओट्याची कड धरून उभा राहतो, बोटं पांढरी पडेपर्यंत.

रविवारी बायकोचा फोन येतो. ती जेवलात का विचारते. हो म्हटलं तर तिला बरं वाटेल, हे त्याला कळतं. पण जेवलेला नसेल तर तो नाही म्हणतो. मग ती रागावते, भात तरी टाका म्हणते, आणि तो टाकतो.

परवा तिने विचारलं, "बरे आहात ना?"

"नाही," तो म्हणाला. "पण प्यालेलो नाही."

पलीकडे बाळ रडत होतं. तरी तिने फोन लगेच ठेवला नाही. मुलीने आतून हाक मारली, तेव्हा मात्र ठेवावा लागला.